बायनरी मोठी म्हणून लोड व्हायला वेळ लागतो?

विंडोजवरचा प्रोग्रॅम लिनक्सवर आणला, सुरू व्हायला वेळ लागू लागला, की सल्ला ठरलेला: ‘फाइल फुगलीय, स्ट्रिप करा.’ म्हणजे बायनरीतून, प्रोग्रॅमच्या तयार फाइलमधून, चुका शोधण्यासाठी ठेवलेली डीबग माहिती वगैरे काढून टाका. वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे. लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करून देणारा सिस्टिमचा भाग, अख्खी फाइल वाचतच नाही. तो ती मेमरीत मॅप करतो, म्हणजे फाइलचा कोणता भाग मेमरीत कुठे दिसेल एवढंच ठरवतो. ज्या पानाला, म्हणजे मेमरीच्या तुकड्याला, हात लागेल ते, एक्स-८६ प्रोसेसरवर साधारण ४ केबीचं, आणि फार तर त्याच्या आसपासची काही पानं डिस्कवरून येतात. डीबग माहिती तर मेमरीत मॅपही होत नाही.

वेळ जातो तो बहुतेकदा रिलोकेशनमध्ये (कोडमधले पत्ते लोड करताना दुरुस्त करण्यात) आणि सिंबॉल, म्हणजे फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं, शोधण्यात. विंडोजच्या डीएलएलमधून (तिथल्या शेअर्ड लायब्ररीतून) तुम्ही सांगाल तेवढीच नावं बाहेर दिसतात. लिनक्सवर नेमकं उलटं: काही सांगितलं नाही तर सगळीच! सी++ ची लांबलचक नावं, हजारोंनी, एकेक लायब्ररी धुंडाळत जुळवायची. पोर्ट करताना हाच फरक नजरेतून सुटतो, आणि दोष बिचाऱ्या डिस्कवर जातो.

म्हणून आधी मोजा. ग्लिबीसी (glibc, लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) असेल तर ‘एलडी-डीबग’ (LD_DEBUG) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘स्टॅटिस्टिक्स’ (statistics) देऊन प्रोग्रॅम चालवा. लोडरचा एकूण वेळ, त्यातला रिलोकेशनचा वाटा आणि रिलोकेशनची संख्या समोर येते. वाटा मोठा निघाला तर सिंबॉलची व्हिजिबिलिटी ‘हिडन’ ठेवून, म्हणजे नावं बाहेर दिसणार नाहीत अशी कंपाइल करून, लायब्ररी बांधा आणि लागतील तीच नावं उघडी करा.