खेळाची लय, शोकाची लय : अमेरिकी कुमार-पद्यकादंबरीची पार्श्वभूमी

क्वामे अलेक्झांडर यांच्या ‘द क्रॉसओव्हर’ या पद्यकादंबरीला २०१५ साली न्यूबेरी पदक हा अमेरिकी बालकुमारसाहित्यातला मानाचा पुरस्कार मिळाला. बास्केटबॉल खेळणारे जुळे भाऊ आणि त्यांच्या वडिलांचा अकाली मृत्यू हा तिचा विषय. अमेरिकी कुमारसाहित्यात तोवर बरेचसे वेगळे वाहणारे दोन प्रवाह, कवितेतून शोक मांडणारा आणि कवितेतून खेळ मांडणारा, तिच्यात एकत्र आले.

कवितेतून कादंबरी लिहिण्याची परंपरा जुनी असली, तरी कुमारवयीन वाचकांसाठी हा प्रकार अमेरिकेत रुजला तो १९९० च्या दशकात. कॅरन हेस यांच्या ‘आउट ऑफ द डस्ट’ (१९९७) या कादंबरीत ओक्लाहोमातील धुळीच्या वादळांच्या काळात आई गमावलेली आणि त्या अपघातातील स्वतःचा वाटा विसरू न शकणारी मुलगी मुक्तछंदात बोलते; तिलाही १९९८ साली न्यूबेरी पदक मिळाले. शोकाला हा घाट मानवला यात नवल नाही. दुःखात बुडालेले मूल सलग हकिगत सांगत नाही. ते थोडे बोलते, थांबते, विषय बदलते, आणि छोट्या कवितांमधली मोकळी जागा ते न बोललेलेही सांभाळून ठेवते.

खेळाची वाट निराळी होती. मेल ग्लेन यांनी ‘जंप बॉल’मध्ये (१९९७) एका शालेय संघाचा हंगाम अनेकांच्या आवाजांतून कवितेत मांडला. त्याहून खोल मूळ मात्र आफ्रिकी-अमेरिकी काव्यात आहे. लँग्स्टन ह्यूज यांनी ‘द वेअरी ब्लूज’मध्ये (१९२६) ब्लूज संगीताची लय कवितेत आणली, आणि पुढे जॅझ व रॅपमधून ती लय शहरी मुलांच्या रोजच्या बोलण्यात भिनली. म्हणूनच अलेक्झांडर यांचा निवेदक जॉश चेंडू खेळवताना रॅपच्या ठेक्यात बोलतो, तेव्हा ते उपरे वाटत नाही; त्याचे टोपणनावही होरेस सिल्व्हर यांच्या एका जॅझरचनेवरून वडिलांनीच ठेवलेले आहे.

कादंबरीची रचना सामन्यासारखी आहे : आधी सराव, मग चार क्वार्टर आणि शेवटी जादा वेळ. माझ्या मते तिचे खरे सामर्थ्य या चौकटीत आहे, कारण घड्याळाच्या शिस्तीने चालणाऱ्या खेळातच, कोणत्याही नियमाला न जुमानणारा वडिलांचा आजार हळूहळू शिरतो. एकेकाळचे व्यावसायिक खेळाडू असलेले हे वडील उच्च रक्तदाबाची लक्षणे दिसत असूनही डॉक्टरकडे जात नाहीत, कारण त्यांचे स्वतःचे वडील इस्पितळातच वारले होते. आफ्रिकी-अमेरिकी प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण अमेरिकेतील इतर समूहांपेक्षा जास्त आढळते. त्यामुळे हा मृत्यू कथानकाच्या सोयीसाठी आणलेला वाटत नाही.

वडिलांच्या या हट्टामागची कहाणी अलेक्झांडर यांनी २०१८ साली ‘रिबाउंड’ या पूर्वकथेत सांगितली. ती १९८८ च्या उन्हाळ्यात घडते, आणि नुकतेच वडील गमावलेला तिच्यातला मुलगा म्हणजे पुढे या जुळ्यांचा बाप होणारा चार्ली.