कॅमोमाइल : पेरणीचा हंगाम

कॅमोमाइल म्हणून चहात येते ती बहुधा जर्मन कॅमोमाइल (मॅट्रिकेरिया कॅमोमिला); सूर्यफूल कुलातील ही वर्षायू वनस्पती युनानी वैद्यकात बाबूना म्हणून ओळखली जाते. रोमन कॅमोमाइल ही वेगळी, बहुवर्षायू वनस्पती. दोन्हींची फुले बारक्या पांढऱ्या शेवंतीसारखी दिसतात. पण फुलाचा मधला पिवळा गोंडा नखाने उभा चिरला की जर्मनचा आतून पोकळ निघतो, रोमनचा भरीव.

जर्मनी, हंगेरी, पोलंड अशा थंड प्रदेशांत उघड्या वाफ्यातील पेरणीच्या दोन वेळा आहेत. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात पेरलेले रोप जमिनीलगत पानांचा झुबका धरून बर्फाळ हिवाळा काढते आणि पुढल्या वसंतात लवकर फुलते. दुसरी वेळ मार्च-एप्रिलची, माती कुदळीला मऊ लागू लागली की. शेवटचे दहिवर (गोठलेले दव) पडून जाईपर्यंत थांबण्याची गरज नसते, कारण कोवळी रोपे हलके दहिवर सोसतात. त्यांना सोसत नाही तो उन्हाळा.

ठाण्यात नेमकी इथेच फसगत होते. बियांच्या पाकिटावर ‘वसंतात पेरा’ असे छापलेले असते आणि घोडबंदर रोडवरच्या एखाद्या गॅलरीत कुणीतरी ते मार्चमध्ये तंतोतंत पाळतो. ऊन चढते तशी रोपे माना टाकतात. ठाणे-नवी मुंबईत दहिवर नाही. इथल्या वेळापत्रकाच्या एका टोकाला पाऊस, दुसऱ्या टोकाला मार्चचा उकाडा. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. त्यानंतर ऑक्टोबर हीट. म्हणून दिवाळीचा फराळ संपत आला की बी काढावे. नोव्हेंबरच्या पूर्वार्धातील पेरणीला जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात. लखनौकडे हे रब्बी पीकच आहे : ऑक्टोबरात रोपवाटिका, नोव्हेंबरात लावणी.

बी इतके बारीक की चिमटीत धरले तरी किती आहे ते कळत नाही. ते चाळलेल्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर फोकतात आणि तळहाताने दाबतात. वर माती लोटायची नाही. रुजायला उजेड लागतो. 15 ते 20 अंश सेल्सिअसला आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवी लव दिसते. तोवर झारीची धार नको, नाहीतर सगळे बी कुंडीच्या एका कडेला जाऊन बसते. फवारणीची बाटली बरी. वाशी-नेरूळच्या इमारतींत कबुतरांसाठी वर जाळीही टाकावी लागते. दोन-तीन इंचांची झाली की रोपे विरळ करावीत. हा भाग लोक जिवावर आल्यासारखा टाळतात आणि मग दाटीत फुले कमी धरतात.

पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरल्या की फूल खुडतात. त्या खाली झुकू लागल्या तर उशीर झाला. फेब्रुवारीअखेरची काही फुले झाडावरच वाळू दिली तर पुढच्या दिवाळीपुरते बी मिळते. मात्र ते घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे, नाहीतर पावसाळ्यातली दमट हवा त्याची रुजण्याची ताकद घालवते.