मोजपट्टी ऐकणाऱ्याच्या हातातली

समजा तुम्हाला कुणाला तरी सांगायचंय की माणूस साधारण पावणेदोन मीटर उंच असतो, पण समोरच्याला मीटर माहीत नाही, तुमची भाषा माहीत नाही, पृथ्वीसुद्धा माहीत नाही. कसं सांगाल? मी फिजिक्सवाला, आणि लोकांना सायन्स समजवायची वेळ आली की मला हमखास हाच प्रश्न आठवतो, कारण १९७४ साली काही जणांनी तो खरोखर सोडवायला घेतला होता.

प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तिकडे कुणी ऐकणारं असलंच तर म्हणून, एम-१३ या दूरच्या तारकागुच्छाकडे एक मेसेज सोडला. फक्त १६७९ बिट्स, नुसते शून्य आणि एक, तीन मिनिटांच्या आत संपला. १६७९ च का, तर २३ गुणिले ७३, दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे आयत मांडायचा तर दोनच पर्याय उरतात. चौकटीच्या कागदावर २३-२३ घरांच्या ७३ ओळी मांडा, एक आला की घर काळं करा, चित्र उमटायला लागतं (उलट, म्हणजे ७३-७३ घरांच्या २३ ओळी मांडल्यात तर नुसता गोंधळ दिसतो).

सगळ्यात वर १ ते १० आकडे, म्हणजे आधी मोजायला शिकवलंय, मग त्याच आकड्यांत हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरसचे अणुक्रमांक, मग डीएनए, त्याखाली माणूस आणि त्याच्या शेजारी त्याची उंची: १४. चौदा काय? तर ज्या रेडिओ लहरीवरून मेसेज आला तिचीच लांबी, १२.६ सेंटिमीटर, तिच्या चौदापट म्हणजे साधारण १७६ सेंटिमीटर. मेसेज ज्याला मिळाला त्याच्याकडे मोजपट्टी आपोआप आलीच की! मला हे फार म्हणजे फारच आवडतं.

पण एक गोष्ट खटकते. हायड्रोजन सगळीकडे तोच, दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश रंगांत फोडला तरी त्यात हायड्रोजनच्या ओळखीच्या रेषा सापडतात, मूळ संख्याही त्याच. चित्र मात्र आपलं. ज्यांना डोळेच नाहीत, जे जगाला वेगळ्याच तऱ्हेने ओळखतात, तेही हुशार असू शकतात ना? हुशारी म्हणजे आपल्यासारखी हुशारी, हे आपण न बोलता धरून चालतो, आणि माणसांशी बोलतानाही आम्ही सायन्सवाले तेच करतो, ‘फील्ड’ म्हटलं की समोरच्याला कळलंच असं समजून पुढे पळतो.

म्हणून हल्ली प्रकाशवर्ष, म्हणजे प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते, सांगताना मी ९.४६ लाख कोटी किलोमीटरपासून सुरुवात करत नाही. तुमच्या हातावर आत्ता पडलेलं ऊन सूर्यावरून आठ मिनिटांपूर्वी निघालंय, इथून सुरू करतो, लोक आधी हाताकडे बघतात आणि मग पुढचं स्वतःच विचारतात.