नाव गेलं तरी खातं राहतं: ब्लूस्काय, मॅस्टोडॉनवरचा तुमचा खरा आयडी

मागच्या दिवाळीच्या गडबडीत माझ्या डोमेनचं, म्हणजे पैसे भरून घेतलेल्या वेबवरच्या पत्त्याचं, रिन्युअल राहून गेलं. आठवणीचे मेल आले होते पण ते जाहिरातींच्या ढिगाऱ्यात गेले, आणि एका सकाळी चहा घेता घेता ब्लूस्काय हे ट्विटरसारखं सोशल नेटवर्क उघडलं तर माझ्या फोटोखाली जिथे हँडल, म्हणजे खात्याचं नाव, म्हणून माझं डोमेन दिसायचं तिथे ‘इनव्हॅलिड हँडल’ असं लिहून आलेलं. पोटात गोळाच आला, कारण मुठेकाठच्या पक्ष्यांच्या दीड वर्षाच्या नोंदी सगळ्या त्याच खात्यावर. घाईघाईने खाली बघत गेलो तर नोंदी जागेवर, फोटो जागेवर, फॉलोअरसुद्धा एक कमी नाही. नाव तेवढं गेलं होतं. डोमेनचे पैसे भरले आणि दोन दिवसांनी नावही परत दिसायला लागलं.

ते दोन दिवस मी हाच विचार करत होतो की नाव नसताना नेटवर्कला मी कोण हे कळत कसं होतं. तर झालं असं, की आपण ज्याला सरसकट आयडी म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक म्हणजे माणसांनी वाचायचं नाव आणि दुसरी म्हणजे नेटवर्क ज्यावरून तुम्हाला ओळखतं ती खूण. फेसबुक-इन्स्टावर दोन्ही कंपनीच्याच हातात, त्यामुळे हा फरक कळायची वेळच येत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, कू जुलै २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा त्या त्या खात्याचं नावही गेलं आणि खूणही गेली, दुसरीकडे न्यायची सोयच नव्हती.

ब्लूस्कायमध्ये या खुणेला डीआयडी म्हणतात, म्हणजे डिसेंट्रलाइज्ड आयडेंटिफायर, एका कंपनीच्या हातात नसलेली ओळख. ही कल्पना ब्लूस्कायच्या मालकीची नाही, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जुलै २०२२ मध्ये तिला अधिकृत मानक केलंय. माझा डीआयडी ‘डीआयडी कोलन पीएलसी कोलन’ असा सुरू होतो आणि पुढे २४ अक्षरं, वाचून काही अर्थ लागत नाही अशी. नीट बघितलं तर त्यात इंग्रजी लहान अक्षरं आणि २ ते ७ एवढेच आकडे सापडतात. शून्य आणि एक मुद्दाम टाळलेत कारण ते ओ आणि एलसारखे दिसतात, तेव्हा कुणी तुम्हाला शून्य असलेला असा डीआयडी पाठवला तर उतरवून घेताना चूक झालीय हे नक्की.

ही २४ अक्षरं कुणी ऑफिसात बसून वाटत नाही, हे मला सगळ्यात आवडतं. खातं उघडताना एक पहिली नोंद तयार होते, तिच्यात तुमच्या डिजिटल किल्ल्या (खात्यातला बदल खरंच तुमचाच आहे हे सिद्ध करणारे सांकेतिक आकडे) कोणत्या, डेटा कुठल्या सर्व्हरवर, नाव काय, असं लिहिलेलं असतं. ही नोंद एसएचए-२५६ नावाच्या गणिती चरकातून काढतात आणि जे बाहेर पडतं त्याची पहिली २४ अक्षरं म्हणजे तुमचा आयडी. चरकात ऊस घातला की रस निघतो पण रसापासून ऊस परत होत नाही, तसंच हे. पहिल्या नोंदीतला एक काना जरी बदलला तरी बाहेर येणारी अक्षरं पार वेगळी. म्हणजे मागाहून कुणी माझी पहिली नोंद बदलून स्वतःची किल्ली घुसवायला गेलं तर अक्षरं जुळणारच नाहीत, चोरी तिथेच कळते. प्रत्येक जागी ३२ पर्याय आणि अशा २४ जागा, म्हणजे एकावर ३६ शून्यांहून जास्त शक्यता, त्यामुळे दोघांना चुकून एकच आयडी मिळेल ही भीती सोडून द्या.

आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते ना, तसंच समजा. डीआयडी म्हणजे नंबर, हँडल म्हणजे फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव, आणि डेटा सांभाळणारा सर्व्हर म्हणजे कंपनी, यातलं नाव बदला नाहीतर कंपनी बदला, नंबर तोच.

आता हा नंबर सापडतो कुठे? ब्लूस्कायच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, मग हँडल, मग स्वतःचं डोमेन आहे असा पर्याय असतो तो उघडा. तिथे डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या सार्वजनिक नोंदवहीत, घालायची एक ओळ दाखवतात, त्या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे जे आहे तो तुमचा डीआयडी. डोमेन घ्यायचं नसलं तरी ही ओळ दिसते, नुसती कॉपी करून मागे या. दुसऱ्याचा हवा असेल तर हँडल टाकलं की डीआयडी दाखवणाऱ्या साइट आहेत, आणि ही माहिती उघडीच असते, ती कुणाला कळली म्हणून काही बिघडत नाही.

मिळाल्यावर त्याचं करायचं काय, तर माझ्यापुरतं सांगतो. आमच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी नोंदींच्या लिंका टाकायचो आणि त्या लिंकांमध्ये माझं हँडल असायचं, त्यामुळे डोमेन गेलं त्या दोन दिवसांत एकही लिंक उघडेना. तेव्हापासून मी लिंकमध्ये प्रोफाइल शब्दापुढे हँडलऐवजी डीआयडी टाकतो, दिसायला लांबलचक दिसतं पण नाव कितीही वेळा बदललं तरी ती लिंक उघडते. शिवाय याच ओळखीने दुसऱ्या ॲपमध्येही जाता येतं, व्हाइटविंडवर ब्लॉग लिहिता येतो, टँगल्डवर प्रोग्रामिंगवाले कोड ठेवतात, नव्याने खातं काढायची गरज नाही.

आणि नाव कुणाचंही लावता येत नाही. तुमचं डोमेन सांगतं की हा डीआयडी माझा, आणि डीआयडीची नोंद सांगते की हे डोमेन माझं, दोन्हीकडून होकार आला तरच हँडल दिसतं. माझ्या डोमेनने उत्तर देणं थांबवलं म्हणूनच ते ‘इनव्हॅलिड’ आलं होतं. वर्तमानपत्राने किंवा विद्यापीठाने स्वतःचं डोमेन हँडल म्हणून लावलं तर खातं त्यांचंच आहे याचा तो पुरावाच होतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. खातं काढताना त्या किल्ल्या साधारणपणे सर्व्हरकडेच राहतात, आपल्याकडे नाही. थोडी तांत्रिक खटपट करून स्वतःची वरच्या दर्जाची किल्ली नोंदवता येते आणि मग कुणी गैरवापराने आयडी पळवला तरी ७२ तासांच्या आत तो बदल उलटवता येतो. मी ती किल्ली नोंदवून कागदावर लिहून कपाटात ठेवलीय. सामान्य माणसाला हे इतकं अवघड नसायला हवं होतं, एका बटणावर व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मॅस्टोडॉनचा प्रकार वेगळा, ते अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून बनलेलं सोशल नेटवर्क आहे. २०१६ पासून ते चालू आहे, आणि २०१९ च्या अखेरीस वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं सस्पेंड झालं तेव्हा आपल्याकडची बरीच मंडळी तिकडे गेली होती. तिथला पत्ता ईमेलसारखा, आधी नाव आणि मग सर्व्हर, मध्ये ॲटची खूण. आपल्या आडनावात गाव असतं तसं हे, पण सातारकर ठाण्यात राहायला गेला तरी सातारकरच राहतो, इथे मात्र सर्व्हर बदलला की आडनावच बदलतं. म्हणून कुणी पत्ता विचारला तर अर्धा देऊ नका, पूर्ण द्या, आणि कुणाला शोधायचं असेल तर आपल्याच सर्व्हरच्या सर्चमध्ये पूर्ण पत्ता टाका. मग तुमचा सर्व्हर त्यांच्या सर्व्हरला विचारतो की या नावाचं कुणी आहे का, त्या पद्धतीला वेबफिंगर म्हणतात. हे नाव १९७१ च्या ‘फिंगर’ नावाच्या प्रोग्रामवरून आलंय, कॉम्प्युटरवर कोण कोण आहे ते बघायला लेस अर्नेस्ट यांनी तो लिहिला होता.

सर्व्हर बदलायचा असेल तर नव्या खात्यात जुन्याचा पत्ता नोंदवायचा आणि मग जुन्यातून हलवायचं, फॉलोअर आपोआप मागे येतात पण पोस्टी येत नाहीत. आणि जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच हे जमतं. माझी मामेबहीण एका छोट्या सर्व्हरवर होती, तो बंद होणार अशी सूचना आलेली तिने पाहिलीच नाही, आणि तिचे तीन वर्षांचे ओळखीचे लोक तिला एकेक करून परत शोधावे लागले. तेव्हा तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी अधूनमधून एक्सपोर्ट करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

नॉस्टर नावाचं तिसरं नेटवर्क याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, तिथे प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते, सगळ्यांना दिसणारी सार्वजनिक आणि फक्त स्वतःकडे ठेवायची खासगी, आणि तुमची सार्वजनिक किल्ली हाच आयडी. सर्व्हर बंद पडला तरी काही फरक पडत नाही, पण खासगी किल्ली हरवली तर कुणीच परत देऊ शकत नाही.

ब्लूस्काय आणि मॅस्टोडॉन एकमेकांशी थेट बोलत नाहीत, पण मध्ये ब्रिजी फेड नावाचा पूल आहे. ब्लूस्कायवरून त्यांच्या खात्याला फॉलो केलं की तुमच्या हँडलपुढे त्यांचा सर्व्हर लागून तुमचा एक मॅस्टोडॉनी पत्ता तयार होतो आणि तिकडची माणसं तुम्हाला फॉलो करू शकतात. बहिणीने मला आता तसंच फॉलो केलंय, मी ब्लूस्कायवर, ती मॅस्टोडॉनवर, आणि खंड्याच्या फोटोवर तिची कमेंट मला इथे दिसते.

एक खंत आहे. डॉट भारत डोमेन २०१४ पासून मराठीत मिळतं, पण ते ब्लूस्कायचं हँडल करायचं तर इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपातच टाकावं लागतं, जे कुणाला वाचता येत नाही. मॅस्टोडॉनवरही पत्त्यातल्या नावाला इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. म्हणून दोन्हीकडे मी निदान दिसणारं नाव तरी देवनागरीत लिहिलंय.