बारावीनंतर थेट परदेशात पदवी: विदर्भातल्या खेड्यातून अर्ज कसा करायचा

आधी पैशाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. बारावीनंतर पदवीला जाणाऱ्याला त्या मिळत नाहीत.

मग राहतं कर्ज. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागतं, आणि कर्ज थकल्यास बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नसल्यामुळे बहुतेक बँका वावराचा सातबारा तारण म्हणून घेत नाहीत. अकृषक प्लॉट किंवा शहरात घर असेल तर गोष्ट वेगळी. ज्या कास्तकाराकडे फक्त कोरडवाहू जमीन आहे, त्याच्या मुलाने किंवा मुलीने विद्यापीठांची यादी आर्थिक मदत बघूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट या संस्था परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याची ऐपत बघत नाहीत आणि कमी पडणारी सगळी रक्कम स्वतः देतात. स्पर्धा मात्र फार कठीण आहे.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांना शिकवणी फी नाही. पण नुसत्या बारावीवर तिथे बहुधा थेट प्रवेश होत नाही. स्टुडिएनकोलेग हा तयारीचा वर्ग, जेईई ॲडव्हान्स्डची पात्रता किंवा इथे पदवीचं एक वर्ष, यातलं काहीतरी लागतं. शिवाय आपले गुणपत्रक खरे असल्याची खात्री देणारं एपीएस प्रमाणपत्र हवं आणि वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात. ‘जर्मनी फुकट आहे’ असं कुणी म्हटलं तर हा आकडा त्याला सांगा. ब्रिटनसाठी यूकास या एकाच पोर्टलवरून पाच अर्ज करता येतात.

अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज, म्हणजे कॉमन ॲप, १ ऑगस्टला उघडतो आणि नेहमीच्या मुदती जानेवारीच्या सुरुवातीला संपतात. आपली बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे अर्जात निकाल नसतो, कॉलेजने लिहून दिलेले अपेक्षित गुण असतात. प्राचार्यांनी असं पत्र पूर्वी कधी दिलेलं नसेल, तेव्हा जुलैमध्येच भेटून नीट समजावून सांगा. नववी ते बारावीचे गुणही लागतात. दहावीपर्यंत गावची शाळा आणि पुढे तालुक्याचं ज्युनिअर कॉलेज, असं आपल्याकडे बहुतेकांचं असतं. नववीचा निकाल जुन्या शाळेतूनच सही-शिक्क्यासह आणावा लागेल. तो मराठीत असेल तर सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. शिफारसपत्र तुम्हाला खरोखर ओळखणाऱ्या सरांचं किंवा मॅडमचं घ्या, मोठ्या पदावरच्या अनोळखी माणसाचं नको.

आर्थिक मदतीसाठी अनेक कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा ऑनलाइन अर्ज भरायला सांगतात. त्यात आईवडिलांचं उत्पन्न दाखवायचं असतं. घरात पगाराची स्लिप नाही, आयकर विवरणही नाही, म्हणून घाबरू नका. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सेतूमधून काढा. बाजार समितीच्या किंवा सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) कापूस विक्रीच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक जोडा. सोबत एक पत्र लिहा: एकर किती, पीक कोणतं, गेल्या हंगामात काय झालं, डोक्यावर पीककर्ज किती. तिकडच्या अधिकाऱ्याला कापसाचं गणित माहीत नसतं, ते तुम्हीच सांगायचं. दाखल्यावर ठोकळ आकडा टाकण्याची पद्धत इथे चालणार नाही. दाखला, पावत्या आणि पासबुक एकमेकांशी जुळले पाहिजेत.

नावाचंही तसंच. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. त्यात एका कागदावर वानखेडे आणि दुसऱ्यावर वानखडे असेल तर पासपोर्टपासूनच अडचण सुरू होते. दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत नागपूर किंवा अमरावती विभागीय मंडळाकडे जातो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून अकरावीतच सगळे कागद शेजारी ठेवून तपासा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसायलाही पासपोर्टच लागतो, तेव्हा तो आधी काढा. १५ ते १८ वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, ३६ पानी पुस्तिकेची फी १,५०० रुपये. अठराच्या आत असाल तर पालकांचं घोषणापत्र जोडावं लागतं.

एजंटकडे जाण्याआधी एक लक्षात घ्या. बऱ्याच एजंटांना विद्यापीठांकडून कमिशन मिळतं, त्यामुळे पूर्ण मदत देणाऱ्या कॉलेजांची नावं ते क्वचितच सुचवतात. अमेरिकी सरकारच्या एज्युकेशनयूएसएचे सल्लागार मोफत आणि ऑनलाइनही मार्गदर्शन करतात. पहिला प्रश्न त्यांना विचारा.