फवारा-रंगकाम, मोटारीच्या भागांचे (घरगुती)

बंपर, आरशाचे कव्हर, व्हील कॅप असे सुटे निघणारे भाग गॅरेजात न देता घरीच स्प्रेच्या डब्याने रंगवणे आणि वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर देणे. डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा कॉम्प्रेसर, गन व बूथ यांची जागा येथे डब्यातील दाबाखालचा द्रवरूप वायू घेतो. ठाणे व नवी मुंबईत हे काम प्रामुख्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर चालते.

उगम : रंग फवारण्याच्या कल्पनेचे श्रेय वादग्रस्त आहे. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या इमारती फवाऱ्याने रंगवल्या गेल्या, यावर बहुतेकांचे एकमत दिसते. मात्र श्रेय कोणी चित्रकार फ्रान्सिस मिलेट यांना, तर कोणी हातपंपाचे यंत्र बनवणारे जोसेफ बिंक्स यांना देतात. डब्याबाबतही असाच पेच आहे. नॉर्वेचे अभियंते एरिक रोथाइम यांनी १९२६-२७ च्या सुमारास दाबाखालील डब्याचे एकस्व (पेटंट) मिळवण्याची प्रक्रिया सुरू केली. अमेरिकी एकस्व १९३१ चे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी कीटकनाशकाचे डबे निघाले. रंगाचा डबा मात्र साधारणतः १९४९ पासून, इलिनॉयमधील एडवर्ड सेमूर यांच्यापासून मोजतात. रोथाइम यांचे एकस्व द्रव व अर्धद्रव पदार्थ फवारण्यासाठी असल्याने त्यांना तत्त्वाचे आणि सेमूर यांना वापराचे श्रेय देणे अधिक योग्य वाटते.

थरांची रचना : घासलेल्या पृष्ठभागावर प्रायमर, त्यावर रंग व शेवटी क्लिअर असा क्रम असतो. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्यावर रंग सहसा धरत नाही. त्यामुळे उघड्या प्लॅस्टिकवर प्रायमरच्या आधी चिकटपणा आणणारा खास थर लागतो. बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, वाळल्यावर निस्तेज दिसतो. चकाकी क्लिअरची असते. डबा २० ते २५ सेंमी. अंतरावर धरून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत पातळ हात मारतात. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटांचा अवकाश ठेवतात. एकाच जाड हाताने ओघळ येतात. चंदेरी व इतर मेटॅलिक रंगांत ॲल्युमिनियमचे कण असमान बसून ढग पडल्यासारखे दिसते, ते शेवटच्या हलक्या, दुरून मारलेल्या हाताने बरेचसे झाकले जाते.

क्लिअरचे दोन प्रकार आहेत. एक-घटकी क्लिअर केवळ द्रावक उडून वाळते, म्हणून पेट्रोल सांडले की मऊ पडते. टाकीच्या झाकणाला ते लावू नये. दोन-घटकी डब्याच्या बुडाशी कळ असते. ती दाबल्यावर हार्डनर रंगद्रव्यरहित राळेत मिसळतो आणि आतल्या आत कडक होण्याची क्रिया सुरू होते. मग डबा साधारण एक-दोन दिवसांतच संपवावा लागतो. या हार्डनरमधील आयसोसायनेटामुळे दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी असून बंदिस्त जागेत हा प्रकार टाळलेलाच बरा.

दमट हवेचा परिणाम : या परिसरापुरता हाच मुद्दा निर्णायक आहे. द्रावक उडताना पृष्ठभागातील उष्णता घेतो व पृष्ठभाग थंड होतो. जुलैत खाडीकाठी तापमान २७-२८ अंश से. आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) २५ च्या आसपास असतो. म्हणजे पृष्ठभाग जेमतेम तीन अंशांनी उतरला तरी हवेतील बाष्प ओल्या थरावर धरते. परिणामी क्लिअर पांढुरके, दुधाळ पडते. सावकाश उडणारा थिनर हा त्यावरचा गॅरेजातील उपाय, पण तयार डब्यात तो घालता येत नाही. पांढुरके पडणे सौम्य असल्यास कोरड्या हवेत पुन्हा एक पातळ हात दिल्याने ते पुष्कळदा निघते. खोल असल्यास थर घासून काढावा लागतो. जून ते सप्टेंबर हे काम टाळून दिवाळी ते होळी हा काळ निवडतात. त्या काळात बांधकामाची धूळ हीच अडचण उरते. त्यासाठी फरशीवर पाणी शिंपडून, भाग आडव्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून फवारतात. खोक्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवर रंगाचे कणही उडत नाहीत, आणि सोसायटीतल्या तक्रारी बहुधा यावरूनच होतात.

पूर्ण वाळल्यावर १५०० ते २००० क्रमांकाच्या पाणी पेपरने घासून पॉलिश करतात. एखादा भाग मूळ रंगात रंगवण्याला नोंदणीचा अडसर नाही. संपूर्ण गाडीचा रंग बदलल्यास मात्र परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते.