जपानचा पैसा, व्हिएन्नाची निविदा, रबाळ्याचा कारखाना: युनिडोला माल पुरवायचा तर

युनिडोच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेच्या, सबसिडीचा फॉर्म कुठे मिळतो, असे विचारणाऱ्याला आधी हे सांगावे लागते की कारखान्याने केव्हाही जाऊन भरावा असा फॉर्मच नाही. नवतंत्रज्ञानासाठी अधूनमधून स्पर्धा जाहीर होतात, त्या वेगळ्या. टीटीसी (नवी मुंबईची औद्योगिक वसाहत), वागळे इस्टेट किंवा तळोज्याच्या कारखान्यासाठी नेहमी उघडा असलेला रस्ता खरेदीचा आहे. युनिडो जगभरच्या प्रकल्पांसाठी यंत्रे, सुटे भाग, प्रयोगशाळेची उपकरणे आणि सल्लासेवा निविदा काढून विकत घेते. तिथे पुरवठादार म्हणून नाव नोंदवायला एक रुपयाही लागत नाही.

पैसा येतो कुठून, हे एकदा नीट समजून घ्यावे, कारण निविदेतल्या अटी त्यावरून उलगडतात. युनिडो १९६६ मध्ये स्थापन झाली. मुख्यालय व्हिएन्नात. सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीवर संस्थेचा नियमित खर्च चालतो. अमेरिका १९९६ च्या अखेरीस बाहेर पडली, त्यामुळे त्या वर्गणीतला मोठा वाटा गेला. प्रकल्पांचा पैसा मुख्यतः देणगीदार देशांच्या ऐच्छिक निधीतून आणि जागतिक पर्यावरण सुविधा किंवा ओझोन थर जपण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराच्या बहुपक्षीय निधीतून येतो. जपान वर्गणी भरतो, एखाद्या देशातल्या ठरावीक कामासाठी वेगळा निधीही देतो. शिवाय टोकियोत १९८१ पासून असलेले युनिडोचे गुंतवणूक व तंत्रज्ञान प्रोत्साहन कार्यालय जपान सरकारच्या पैशावर चालते.

पैसा जपानचा म्हणून काम जपानी कंपनीलाच, असे मात्र समजू नका. निधी युनिडोकडे आला की खरेदी युनिडोच्या नियमांनी होते आणि त्यात स्पर्धा हे मूळ तत्त्व आहे. काही प्रकल्पांचा हेतूच देणगीदाराचे तंत्रज्ञान पोहोचवण्याचा असतो. तसे असेल तर ते निविदेच्या पात्रता अटींत दिसते. म्हणून दर काढण्याआधी पात्रतेचे पान वाचावे. कित्येक दिवसांची मेहनत वाचते.

नोंदणी: यूएनजीएम

युनिडोसह संयुक्त राष्ट्रांच्या बहुतेक संस्थांसाठी एकच सामाईक पोर्टल आहे, यूएन ग्लोबल मार्केटप्लेस (यूएनजीएम). नोंदणीच्या तीन पायऱ्या: बेसिक, लेव्हल एक, लेव्हल दोन. तिन्ही मोफत. निविदांच्या सूचना ईमेलवर मागवण्याची सेवा तेवढी पैसे भरून घ्यावी लागते, पण त्याच निविदा पोर्टलवर फुकट पाहता येतात. रोज सकाळी दहा मिनिटे बसायची तयारी असेल तर त्या सेवेची गरज नाही.

बेसिकसाठी कंपनीचे नाव, पत्ता, संपर्क आणि एक घोषणापत्र लागते. कंपनी सुरक्षा परिषदेच्या निर्बंध यादीत नाही, संयुक्त राष्ट्रांनी किंवा जागतिक बँकेने तिला अपात्र ठरवलेले नाही, दिवाळखोरीची कारवाई चालू नाही आणि पुरवठादार आचारसंहिता मान्य आहे, असे त्यात लिहून द्यावे लागते. लेव्हल एकला इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, मालक आणि प्रमुख अधिकाऱ्यांची नावे, आणि तुमच्याशी व्यवहार केलेल्या किमान तीन स्वतंत्र ग्राहकांचा संपर्क द्यावा लागतो. लेव्हल दोनला त्याशिवाय लेखापरीक्षित ताळेबंद आणि ग्राहकांची शिफारसपत्रे. किती रकमेच्या कंत्राटाला कुठली लेव्हल, हे प्रत्येक संस्था आपापले ठरवते.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावात आणि पत्त्यात. आपल्याकडचे नेहमीचे चित्र असे: नोंदणीकृत कार्यालय वाशीच्या फ्लॅटमध्ये, कारखाना रबाळ्यात, जीएसटीवर पत्ता ‘टीटीसी इंडस्ट्रियल एरिया’, एमआयडीसीच्या वाटपपत्रावर जुन्या भागीदारी फर्मचे नाव आणि आयईसीवर (आयात-निर्यात क्रमांकावर) ‘प्रा. लि.’ असे त्रोटक रूप. आपल्याला ही सगळी एकच कंपनी. कागद तपासणाऱ्या परक्या माणसाला त्या चार कंपन्या दिसतात. इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेटवर जसे छापले आहे तसेच नाव, अक्षर न अक्षर, सगळीकडे टाका. पत्ता नोंदणीकृत कार्यालयाचा द्या, कारखान्याचा वेगळा दाखवा. भागीदारीची कंपनी झाली असेल तर त्या रूपांतराचा कागद सोबत जोडा.

प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्या मालकाचा धंदा, असेल तर इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट नसतेच. तिथे व्यवसाय नोंदणीचा समतुल्य पुरावा द्यायचा: जीएसटी नोंदणी, उद्यम (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची नोंदणी), गुमास्ता (दुकान-आस्थापना परवाना). मराठीत असलेल्या कागदाला इंग्रजी भाषांतराची जोड हवी. ताळेबंदालाही असाच पर्याय शोधावा लागतो. ज्या प्रोप्रायटरना टॅक्स ऑडिट (प्राप्तिकर कायद्याखालचे लेखापरीक्षण) लागू नाही त्यांच्याकडे सहसा लेखापरीक्षित आकडे नसतात. अशांनी सीएकडून प्रमाणित वित्तीय पत्रके करून घ्यावीत आणि त्यांवर १८ अंकी यूडीआयएन (सीएच्या सहीच्या कागदाचा पडताळणी क्रमांक) आहे ना, हे पाहावे. ग्राहकांच्या यादीत भावाची फर्म घालू नका. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ तिथे काटेकोर आहे आणि त्या पत्त्यावर विचारणा होऊ शकते.

कोड चुकला की निविदा दिसतच नाही

यूएनजीएमवर मालाची निवड यूएनएसपीएससी (वस्तू व सेवांचे वर्गीकरण) या आठ अंकी कोडांनी होते. दोन-दोन अंकांचे चार टप्पे असतात. सेंट्रिफ्युगल पंपाचा कोड ४०१५१५०३. यात ४० हा मोठा विभाग, ४०१५ म्हणजे औद्योगिक पंप व कॉम्प्रेसर, ४०१५१५ म्हणजे पंप आणि शेवटचे ०३ म्हणजे सेंट्रिफ्युगल. फक्त शेवटचा कोड निवडला तर ‘पंप’ या वर्गाखाली निघालेली निविदा हातातून निसटू शकते. उलट ४० हा अख्खा विभाग घेतला तर पाइपपासून एसीपर्यंत सगळ्याचा पाऊस पडतो. वर्ग आणि त्याखालचे तुम्ही खरोखर बनवता तेवढेच कोड, हे प्रमाण बरे.

निविदा भरताना

यूएनजीएमवरची नोंदणी म्हणजे काम मिळाले असे नव्हे. निविदा जिथे भरायला सांगितली असेल तिथेच, म्हणजे सहसा युनिडोच्या स्वतःच्या ई-खरेदी पोर्टलवर, भरायची. त्याचे लॉगिन आधीच करून ठेवा. प्रस्ताव मागवणाऱ्या निविदेत तांत्रिक आणि आर्थिक भाग वेगळे असतात. तांत्रिक फाइलमध्ये चुकून दर राहिला तर निविदा बाद होऊ शकते.

मुदत व्हिएन्नाच्या वेळेने असेल तर घड्याळ जुळवून घ्या. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेतीन तास पुढे असतो, उरलेल्या काळात साडेचार. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. शंका असेल तर ठरलेल्या तारखेआधी लेखी विचारा. उत्तर सगळ्या स्पर्धकांना जाते, म्हणून प्रश्नातून आपला दर किंवा पुरवठादार उघड होणार नाही हे सांभाळा.

नोंदणी शुल्क, निविदा शुल्क किंवा ‘प्रोसेसिंग’साठी पैसे मागणारा ईमेल बनावट समजा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था असे पैसे घेत नाहीत. वाद झाला तर तो ठाण्याच्या न्यायालयात नेऊन सुटत नाही. या संस्थांना कायदेशीर संरक्षण आहे आणि कंत्राटात सहसा युनसिट्रलच्या (संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाच्या) नियमांनुसार लवाद असतो. आगाऊ रक्कमही सहसा मिळत नाही. खेळते भांडवल किती दिवस अडकेल याचा हिशेब दर भरतानाच करावा.

माल न्हावा शेवातून परदेशी प्रकल्पाला जाणार असेल तर डीजीएफटीचा (परकीय व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी हवा (फी ५०० रुपये), दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत केलेला हवा आणि बंदरावर बँकेचा एडी कोड (परकीय चलन व्यवहारांसाठीचा बँकेचा क्रमांक) नोंदलेला हवा. दर करांशिवाय मागितलेला असतो. निर्यात शून्य दराने करण्यासाठी जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ या फॉर्ममध्ये एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र) भरावी लागते. ती त्या आर्थिक वर्षापुरतीच चालते. फेब्रुवारीत ऑर्डर मिळून माल एप्रिलमध्ये निघणार असेल तर नव्या वर्षाची एलयूटी कंटेनर हलण्याआधी भरा. नाहीतर आयजीएसटी (आंतरराज्य व निर्यात व्यवहारांवरचा जीएसटी) आधी भरून परताव्याची वाट पाहावी लागते, आणि दरात त्या रकमेची तरतूद कुणीच केलेली नसते.